मशेरीचं बोट

अष्टमी गावात सगुणाच्या भाकरीला जेवढं नाव होतं, तेवढंच तिच्या तोंडालाही होतं. तांदळाची भाकरी ती अशी थापायची की संध्याकाळपर्यंत मऊ राहायची. पुलापलीकडच्या रोह्याच्या बाजारातल्या खानावळी, कंपनीत शिफ्टला जाणारी एकटी पोरं, गल्लीतल्या हात थकलेल्या म्हाताऱ्या, सगळे तिच्याकडून भाकऱ्या नेत. न्यायला उशीर केला तर बोलणी खावी लागत. भाकरीला नावं ठेवली तर दुसऱ्या दिवशी चूल बंद आहे असं सांगितलं जाई, मग ती चूल समोर धडधडत का असेना. लोक हसण्यावारी न्यायचे. सगुणाचा स्वभावच तापट, असं म्हणून सोडून द्यायचे.

पण ती खरी तापली ती पन्नाशीला टेकल्यावर. तोवर जे चाललं होतं तो नुसता धूर होता.

सगुणा मूळची पेणकडच्या खाडीकाठची. आईबाप मिठागरावर राबायचे. आई पहाटे उठली की आधी चुलीवर तवा ठेवायची, तो लाल झाला की त्यावर तंबाखू टाकायची, काळी पडेपर्यंत भाजायची आणि हाताने कुस्करून डबीत भरायची. ती मशेरी. घरात त्या धुराचा ठसका भरून राहायचा. मग गावातल्या सगळ्या बाया आपापल्या पायरीवर बसून, बोट काळं करून, दात घासत गप्पा मारायच्या. दात घासणं हे नावाला. अर्धा-अर्धा तास ते बोट तोंडात फिरत असे, डोकं हलकं होत असे, पोट साफ होत असे, आणि मगच मिठागरावर जायला अंगात जीव यायचा. सगुणाची दाढ पहिल्यांदा दुखली तेव्हा आईने तिच्याही बोटावर चिमूटभर ठेवली. दुखणं थांबलं. बोट मात्र थांबलं नाही.

दत्तात्रेयशी लग्न होऊन ती अष्टमीत आली तेव्हा सासू कृष्णाबाईच्या तोंडात एकही दात नव्हता. कृष्णाबाई तेव्हा काही फार म्हातारी नव्हती. पण तिच्या हिरड्यांवरही सकाळ-संध्याकाळ मशेरी फिरायचीच. सून घासते हे बघून तिला बरं वाटलं. शहाणी सून आली, असं ती शेजारणींना सांगायची. नमिताच्या वेळच्या बाळंतपणानंतर सगुणाच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. चूळ भरली की पाणी लाल. तिने सासूला दाखवलं. सासू म्हणाली, बाळंतिणीचं तसंच असतं, मूल दात घेऊन जातं, मला बघ. आणि मशेरी जरा दाबून लाव म्हणाली.

पुढे वरचा, अगदी समोरचा दात हलायला लागला. आधी जिभेला कळायचं, मग बोटाला, मग बघणाऱ्याला. नमिताचं लग्न ठरलं होतं. फोटो निघणार, पाहुणे येणार, आणि नवरीच्या आईचा समोरचा दात बोलताना पुढे-मागे होणार. तिने नवऱ्याला सांगितलं. दत्तात्रेय कंपनीतून आला होता, जेवत होता. मान वर न करता म्हणाला, हलतोय तर काढून टाक, वय झालं की दात हलणारच. वय तेव्हा चाळिशीच्या आसपास.

बाजारात एक दातवाला बसायचा. कमळाकर त्याचं नाव. काचेच्या पेटीत दातांच्या कवळ्या मांडलेल्या, भिंतीवर हसऱ्या बाईचं चित्र, एक लाकडी खुर्ची. शिकलेला किती, कुठे, हे कोणी विचारलं नव्हतं. वडील हेच करायचे, म्हणून हा करायचा. त्याने दात हलवून बघितला, सुई टोचली आणि उपटला. त्या जागी नवा दात ठेवून तो गुलाबी मसाल्याने दोन्ही बाजूंच्या दातांना चिकटवून टाकला. आता काढायचा नाही, घालायचा नाही, आपलाच समजायचा, असं सांगितलं. आरशात बघून सगुणा खूश झाली. लग्नाच्या फोटोत ती मोठ्याने हसताना दिसते.

ते हसू पुरलं नाही. त्या गुलाबी मसाल्याखाली अन्नाचे कण अडकत, ब्रश पोचत नसे, बोट पोचत नसे. हिरडी सुजली, पू यायला लागला. ज्या दोन चांगल्या दातांना तो आधार दिला होता तेच हलायला लागले, मग त्यांच्या शेजारचे. सगुणा पुन्हा कमळाकरकडे गेली तेव्हा त्याने वरून आणखी मसाला थापला. तिने मशेरी वाढवली. दुखतंय म्हणून मशेरी, मशेरीमुळे दुखतंय, आणि मध्ये ती.

तोंडाला वास येतो हे तिला कुणी सांगितलं नाही. लोक बोलताना एक पाऊल मागे सरत, तिला वाटे आपल्या जिभेला घाबरतात. सांगितलं ते शेजारच्या फरझानाने. फरझानाचा नवरा कुवेतला, घरी ती आणि सासू. सगुणाचं आणि तिचं एकमेकींशिवाय पान हलत नसे. एकदा भाकऱ्या न्यायला आली असताना फरझाना हळूच म्हणाली, "सगुणाताई, राग नको मानू, पन तुझ्या तोंडात काय तरी सडलंय. दाखव कोनाला तरी." सगुणाने राग मानला. कित्येक दिवस तिच्याशी बोलली नाही. भाकऱ्या मात्र पाठवत राहिली, शेजारच्या पोराच्या हाती.

मग दत्तात्रेयचीच दाढ दुखली. तो कमळाकरकडे गेला नाही. कंपनीतल्या सायबाने सांगितलेल्या डॉक्टरकडे गेला, रोह्यातच, पुलापलीकडे, एसी दवाखान्यात. दाढ काढली नाही, आतून साफ करून वर टोपी बसवली. चार वेळा जावं लागलं, चारही वेळा त्याने रजा टाकली. सगुणाने त्याला मऊ भात करून घातला. भात वाढताना तिच्या डोक्यात आलं की आपल्या वेळी हा डॉक्टर याला माहीत नव्हता का. तिने विचारलंही. तो म्हणाला, तुझा समोरचा दात होता, दिसायचा प्रश्न होता, मला चावायला लागतं, ड्युटी असते. हे तो वाईटपणाने बोलला नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं. सगुणा गप्प बसली, आणि ती गप्प बसली म्हणजे काय ते घरात कुणाला कळलं नाही.

अशी सगळी तयारी झालेली होती. मग एका रविवारी सकाळी पेणहून नमिताचा व्हिडिओ कॉल आला.

नमिताचा नवरा मितेश गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो. त्यांची मुलगी प्रतीक्षा पहिलीत. तिचा खालचा दुधाचा दात हलत होता आणि ते आजीला दाखवायचं होतं. तिने जिभेने दात पुढे ढकलला, मागे ओढला. सगुणा कौतुकाने बघत होती. पोरांचा हलता दात हे घरातलं कौतुकच असतं, पडला की पत्र्यावर फेकतात, उंदराला नवा माग म्हणतात. तेवढ्यात पोरीने ओठ खाली ओढला आणि सगुणाला दिसलं की हिरडीच्या कडेला काळं आहे.

"काय गो लागलंय ते?"

"आजीने दिलं. शकूआजीने," पोरगी म्हणाली. "जेवताना दुखायचा ना दात. आता लावलं की नाय दुखत. मला आवडतं."

फोन नमिताच्या हातात गेला. नमिता सांगायला लागली की पोरगी जेवत नव्हती, रडत होती, सासूबायने जराशी लावली, दात पडेपर्यंतच. बोलताना तिचा एक हात पदराआड होता. सगुणाने हात दाखव म्हटलं. नमिताने दाखवला नाही. सगुणाने फोन ठेवला.

तव्यावर भाकरी होती, ती तशीच करपली. सगुणाने चूल विझवली, लुगडं बदललं नाही, चपला पायात सरकवल्या आणि पुलाकडे निघाली. फरझाना दारात होती. तिला एवढंच म्हणाली, खानावळीवाल्यांना सांग आज भाकरी नाय. कित्येक दिवसांनी ती फरझानाशी बोलली होती ते हेच.

पेणची एसटी मिळाली, पण बसायला मागचं बाक. सगुणा खिडकीचा दांडा धरून बसली होती आणि मनातल्या मनात शकूशी भांडत होती, नमिताशी भांडत होती, मेलेल्या सासूशी भांडत होती. आपल्या आईपाशी आली की तिला पुढचा शब्द सापडेना. आई मिठाच्या पाण्याने पाय चिरत राबली, तिला कोणी काय सांगणार होतं? मग ती पुन्हा शकूवर यायची. कोलाड गेलं. खांबच्या पुढे रस्त्याचं काम चाललं होतं, गाडी खाली उतरवून खडीवरून नेत होते. एका खड्ड्यात मागचं चाक असं आदळलं की सगळं मागचं बाक हवेत उडालं. सगुणाचं तोंड पुढच्या सीटच्या दांड्यावर आपटलं.

तिने हात तोंडाशी नेला तर हातात सगळं आलं. कमळाकरने बसवलेला दात, त्याचा गुलाबी मसाला आणि त्या मसाल्याला चिकटलेला तिचा स्वतःचा एक दात, मुळासकट. रक्त हनुवटीवरून पदरावर. शेजारच्या बाईने पाण्याची बाटली दिली. कंडक्टर आला, गाडी थांबवू का, नागोठण्याला दवाखान्यात उतरता का विचारू लागला. सगुणाने मान हलवली. मला पेणलाच जायचंय, ती म्हणाली, आणि तो ऐवज पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला.

तशीच ती नमिताच्या दारात उभी राहिली.

शकू ओटीवर तांदूळ निवडत होती. विहीण अशी न सांगता, रक्ताने माखलेली आलेली बघून ती घाबरली, पाणी आण गो, म्हणून आत ओरडली. शकू वाईट बाई नव्हती. नमिताला ती लेकीसारखी वागवायची हे सगुणा स्वतः चारचौघांत सांगत असे. म्हणूनच कदाचित पुढचं जास्त झोंबलं. सगुणाने पाणी घेतलं नाही. मशेरीची डबी कुठे हाय, एवढंच विचारलं. शकू काही बोलायच्या आत तिने ओटीवरच्या कोनाड्यातून डबी उचलली, अंगणापलीकडच्या गटारात उपडी केली आणि डबी लांब भिरकावली.

"माझ्या घरात येऊन माझी वस्तू टाकतेस?" शकू उठून उभी राहिली.

"पोरीला सहाव्या वर्षी तंबाखू चारलीस. तुझी वस्तू!"

"तंबाखू कुठे चारली? दाताला लावली. माझ्या आयने मला लावली, तुझ्या आयने तुला. मेलो का आपन?"

सगुणाने ओठ वर उचलला आणि तोंड उघडून दाखवलं. समोर भोक, त्यातून रक्त, बाजूचे दात एकमेकांवर कललेले, हिरड्या सरकून मुळं उघडी पडलेली. गाठ सोडून हातातला ऐवज शकूच्या तांदळाच्या सुपात ठेवला. शकूने तोंड फिरवलं.

"मेलो नाय," सगुणा म्हणाली. "हे झालंय."

आवाज ऐकून शेजारच्या बाया जमल्या. कुणी समजावू लागली की एवढं काय, सगळ्यांच्याच घरात चालतं. सगुणा तिच्यावरही उलटली. तेवढ्यात नमिता आतून आली. तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट काळं होतं, ते तिने आता लपवलं नाही.

"आई, तू सकाळी लावून आलीस की नाय?"

सगुणा थबकली. सकाळी लावली होती. कॉल आला तेव्हाही दाढेच्या मागे थोडी होती.

"व्हय," ती म्हणाली. "लावली. म्हणून तर बोलते. जिने नाय लावली ती काय बोलेल, तिला काय म्हायतीय?"

नमिता रडायला लागली. मितेशला फोन गेला. तो कारखान्यातून रंगाच्या हातांनी आला. त्याला सासूची बाजू घ्यावी की आईची हे कळेना. शेवटी त्याने एक शहाणपणा केला. कोणाची बाजू न घेता रिक्षा बोलावली आणि सासू, बायको, पोरगी, तिघींना दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. निघताना सगुणाने सुपातला ऐवज पुन्हा पदराला बांधून घेतला होता. ओळखीमुळे रविवार असूनही डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं. शकू आली नाही. ती सुपातले तांदूळ धूत बसली.

डॉक्टरीणबाई तरुण होती, दिपिका नावाची. तिने आधी पोरीला खुर्चीवर बसवलं. प्रतीक्षाला वाटलं दात उपटणार, तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दिपिकाबाईने तिला हात लावू दिला तेवढाच लावला आणि सांगितलं की या दाताला काहीही करायचं नाही. दोरा बांधायचा नाही, दाराला अडकवायचा नाही, उपटायचा नाही. खाली नवा दात वर येतोय, तो याला ढकलतोय, म्हणून दुखतंय. तू जिभेने हलव, पेरू खा, एक दिवस आपोआप हातात येईल. दुखलंच तर थंड पाण्याने चूळ भर. आणि ते काळं पुन्हा लावायचं नाही, कुणीही दिलं तरी. पोरीने मान डोलावली. आजीकडे बघून डोलावली.

मग सगुणाची पाळी. खुर्ची मागे कलली, दिवा डोळ्यांवर आला. दिपिकाबाई बराच वेळ बघत राहिली. लोखंडी काडीने एकेक हिरडी तपासली. हा मसाला कोणी लावला, असं विचारलं. मग हे कधीपासून हलतायत, रक्त कधीपासून येतं, कोणाला दाखवलं होतं का. सगुणाने सासूचं सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, दातवाल्याचं सांगितलं. आणि शेवटी विचारलं, वय झालं की हलतात ना?

"वयाने नाही हलत," दिपिकाबाई म्हणाली. "मुलीचा दात हलतो कारण खाली दुसरा आहे. तुमच्या खाली दुसरा नाही. तुमचा हलतो तो आजार आहे. रक्त आलं त्या वर्षी दाखवलं असतं तर सगळे राहिले असते."

हे तिने दुखवायला सांगितलं नव्हतं. पण सगुणा खुर्चीतून उठून बसली. तिचा आवाज दवाखान्याच्या बाहेर गेला. कोणी सांगितलं का मला त्या वर्षी? हिरड्यातून रक्त पडत होतं, घरातली सगळी बघत होती, ताटात वाढत होते मी त्यांना. नवऱ्याला दाढ दुखली तर रजा, मला दुखलं तर बाजार. सासू म्हणाली मूल खाऊन गेलं. माझ्या पोरीने माझे दात खाल्ले असं मी इतकी वर्षं मानलं, तिच्यावर मनातून राग धरला, आणि आता तुम्ही म्हणता तो आजार होता!

नमिता भिंतीपाशी उभी होती. तिने हे पहिल्यांदा ऐकलं. मितेश पोरीला घेऊन बाहेर गेला.

दिपिकाबाईने तिला बोलू दिलं. मग काय करता येईल ते शांतपणे सांगितलं. काही दात काढावे लागतील, ते वाचणार नाहीत. काही खोल साफ करून, बारीक तारेने एकमेकांना बांधून टिकवता येतील, पण मशेरी पूर्ण सुटली तरच, नाहीतर ही मेहनत फुकट. रोह्यातही चांगले डॉक्टर आहेत, तिथे दाखवलं तरी चालेल. सगुणा म्हणाली, इथेच येईन. रोह्यात तिला आता दत्तात्रेयच्या डॉक्टरच्या पायरीवर पाय ठेवायचा नव्हता.

घरी परतल्यावर पहिलं काम तिने कमळाकरचं केलं. सोमवारी बाजार भरलेला असताना ती त्याच्या दुकानात शिरली आणि गुलाबी मसाल्यासकटचे दोन दात काचेच्या पेटीवर ठेवले. कमळाकरने ओळखले. त्याला राग आला नाही, लाजही वाटली नाही. त्याने उलट समजूत घातली. ताई, तुम्हीच म्हणालात लग्नाआधी बसवून द्या. मी तुमची अडचण भागवली. इतकी वर्षं चालला ना दात? दवाखान्यात गेला असता तर तिथेही काढलाच असता. खुर्चीवर एक म्हातारा बसला होता, तोंड उघडून. सगुणाने त्याच्याकडे बघून विचारलं, बाबा, तुमचा कुठला हलतोय? आणि तिथेच उभी राहिली. दुपारपर्यंत जो येईल त्याला आपलं तोंड उघडून दाखवत होती. भाकरीवाली सगुणा सगळ्यांच्या ओळखीची, तिला हाकलणार कोण? काही आठवड्यांनी दुकानाचं शटर खाली आलं. सगुणाला वाटलं आपण जिंकलो. मग कोणीतरी सांगितलं की कमळाकर आता कोलाडला बसतो, तिथे गर्दी जास्त आहे. ती तीन दिवस कुणाशी नीट बोलली नाही.

मशेरी सोडणं हे त्याहून अवघड गेलं. सकाळी उठली की हात आपोआप कोनाड्याकडे जायचा. डोकं ठणकायचं, पोट साफ होत नसे, घाम फुटायचा. त्या महिन्यात खानावळीवाल्यांनी तिच्याकडून जेवढी बोलणी खाल्ली तेवढी वर्षभरात खाल्ली नव्हती. भाकऱ्या जाड होऊ लागल्या, एकदा तर तिने परात आपटली. दत्तात्रेय एका सकाळी सहज म्हणाला, एवढा त्रास होतो तर जराशी लाव, त्यात काय. तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा अर्धा टाकून ड्युटीला गेला. संध्याकाळी येताना फळं घेऊन आला. फळं तिला चावता येत नव्हती.

फरझाना मात्र आली. आपणहून आली, बडीशेपेची पुडी घेऊन. चहा झाल्यावर तल्लफ आली की ही चघळ म्हणाली. सगुणाने पुडी घेतली आणि म्हणाली, तू सांगितलंस तेव्हा मी ऐकायला पायजे होतं. फरझाना म्हणाली, मी अजून एकदा सांगायला पायजे होतं. एवढ्यावर ते मिटलं.

दर पंधरवड्याला सगुणा पेणला जाऊ लागली. दात काढले तेव्हा दत्तात्रेय बरोबर आला. तिने बोलावलं नव्हतं. बाहेरच्या बाकावर पेपर धरून बसला. आतून तिचा आवाज आला तेव्हा उभा राहिला, मग बसला. येताना गाडीत म्हणाला की माझ्या दाढेच्या वेळी तुला पण न्यायला हवं होतं, डोक्यात आलं नाय. सगुणाच्या तोंडात कापूस होता, तिला बोलता येत नव्हतं. बोलता आलं असतं तरी ती काय बोलली असती कुणास ठाऊक. डोक्यात आलं नाय, याच्यावर रागवायचं तरी कसं? आणि रागवायचं नाय तर कशावर रागवायचं?

शकूने बोलणं सोडलं ते सोडलंच. पेणला गेली तरी सगुणा त्या घरी जेवत नाही, दवाखान्यातच नमिता आणि प्रतीक्षा भेटायला येतात. पोरीचा दात एके दिवशी शाळेत पेरू खाताना पडला. नवा दात वर आला, जरासा वाकडा. तो पुढे सरळ होईल असं दिपिकाबाई सांगते. फोनवर सगुणा आता हाय-हॅलो न करता आधी तोंड उघड म्हणते. प्रतीक्षा चिडते. आजी मला आवडत नाय तू, असंही एकदा म्हणाली. सगुणा म्हणाली, नको आवडू, तोंड उघड.

गणपतीला नमिता मुलीला घेऊन अष्टमीला आली. गौरी यायच्या आदल्या सकाळी सगुणा उकड मळत होती. नमिता मागच्या दारी गेली होती आणि बराच वेळ आली नव्हती. सगुणाला कळलं. तिचे हात परातीत थांबले. उठून जावं, बोट धरावं, गटारात सगळं ओतावं, असं मनात आलं. ती उठली नाही. तिला भीती वाटली की दिसलं तर आपण काय करू.

नमिता आत आली, हात धुतलेले, पदराला पुसत. आईसमोर बसली.

"लावते अजून," ती म्हणाली. "सकाळी एकदाच. पोरीसमोर नाय लावत."

"रक्त येतं?"

नमिताने पुसलेला हात पुन्हा पदराला पुसला. "कधी कधी."

सगुणाच्या अंगातून आग उठली, कानापर्यंत. ओठ हलले. पण शब्द बाहेर आले ते भांडणाचे नव्हते, फक्त आवाज भांडणाचा होता.

"माझ्याबरोबर येशील उद्या डॉक्टरकडे."

"उद्या गौरी हायत, आई."

"मग परवा."

"परवा गौरीजेवण."

"त्याच्या दुसऱ्या दिवशी विसर्जन झालं की गाडीत बसायचं. मितेशला मी सांगते. रिकाम्या पोटी नको येऊस, खाऊन ये, तिथे वेळ लागतो." तिने परात नमिताकडे सरकवली. "मळ आता. हात मोकळे नको ठेवूस."

नमिताने परात ओढून घेतली.